पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो : हातापायांच्या अरुंद रोहिण्यांबद्दल

पायवाट

दीडशे पावलं. तेवढं चाललं की उजव्या पोटरीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. थांबलो की दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. निघालो की पुन्हा दीडशे पावलं, पुन्हा गोळा. लोकांना कळू नये म्हणून मी मध्येच थांबून फोन बघायचं सोंग करायचो. पुढे वाचनात आलं की जर्मन भाषेत या दुखण्याला 'दुकानाच्या काचेचा आजार' अशा अर्थाचा शब्दच आहे, कारण रुग्ण दर थोड्या अंतरावर दुकानासमोर उभा राहून वस्तू बघतोय असं दाखवतो. म्हणजे सोंगातसुद्धा मी पहिला नव्हे!

वय ६१. तीस वर्षं सिगारेट ओढली, सोडून चार वर्षं झाली. रक्तदाबाची गोळी चालू आहे. या पोटरीचं निदान व्हायला दीड वर्ष लागलं. आधी कंबरेचा एमआरआय झाला. त्यात मणक्याची थोडी झीज दिसली. या वयात कुणाच्या मणक्यात दिसत नाही? मग ड जीवनसत्त्व झालं. मग व्हेरिकोज व्हेन्स म्हणून घट्ट मोजे दिले गेले. ते घातल्यावर पाय रात्रीही ठणकायला लागला, म्हणून मीच काढून टाकले. शेवटी एका डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले आणि पावलावर दोन बोटं ठेवून म्हणाले, "इथली नाडी लागत नाहीये." दीड वर्षात माझ्या पावलाला कुणी हात लावला नव्हता हे तेव्हा लक्षात आलं.

मग घोट्याचा रक्तदाब मोजला. दंडावर १३६, उजव्या घोट्याशी ८४. भागाकार ०.६२. डाव्या घोट्याशी १२०, म्हणजे ०.८८. डावा पाय दुखत नाही, तरी तोही आजारीच निघाला. सोनोग्राफीत उजव्या मांडीतली मुख्य रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) बऱ्याच लांबीत बंद दिसली. पोटरीला रक्त पोचतंय ते बाजूच्या बारक्या फांद्यांतून.

उपचार काय? गोळ्या, आणि रोज चालणं. चालल्यावर दुखतं म्हणून गेलो आणि औषध म्हणून चालणंच घेऊन आलो. नळी बंद आहे हे दिसतंय, तर उघडत का नाहीत? आणि दुखेपर्यंत चालल्याने आतली नस आणखी खराब होत नाही का? जाणकारांनी लिहावं.

वाकडी_वाट

मला नेमकं उलट झालं होतं, म्हणून लिहितोय. माझेही पाय चालताना भरून यायचे आणि मला सगळे 'रक्तवाहिनी' म्हणत होते. निघाला मणक्यातला, मज्जातंतू जातात तो कालवा अरुंद.

फरक माझ्या सर्जनने असा सांगितला : रोहिणीचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी जातं. मणक्याचं दुखणं उभं राहून जात नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. मी सायकल कितीही चालवू शकायचो, कारण सायकलवर माणूस वाकलेला असतो. ढकलगाडीच्या दांड्यावर रेलून चाललं तरी बरं वाटायचं. शिवाय माझं अंतर रोज बदलायचं, एक दिवस हजार पावलं तर दुसऱ्या दिवशी दोनशे. तुमचं दीडशे म्हणजे दीडशे आहे.

अर्थात दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. तेव्हा खरी गंमत.

टाका_दोरा

पायवाट, तुम्ही इतिहास इतका नेमका सांगितलाय की डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकणारं यंत्र) न लावता निदान करता आलं असतं. मी रक्तवाहिन्यांचा सर्जन होतो, आता निवृत्त. सवडीने लिहितो.

या चालताना होणाऱ्या दुखण्याला क्लॉडिकेशन म्हणतात, लॅटिनमधल्या 'लंगडणे' या क्रियापदावरून. रोमन सम्राट क्लॉडियस लंगडायचा खरा, पण शब्द त्याच्या नावाचा नाही. आणि हा आजार नीट वर्णन केलेला पहिला रुग्ण माणूस नव्हताच. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका घोड्यात तो टिपला. थोडं पळालं की घोडा लंगडे, विसावला की बरा. माणसातलं वर्णन शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८५८ मध्ये केलं. घोड्याला कुणी मणक्याचा एमआरआय सांगितला नाही, म्हणून निदान लवकर झालं असावं. (हलके घ्या.)

आत काय होतं? रोहिणीच्या अस्तराखाली चरबी, दाह आणि चुना (कॅल्शियम) यांचा थर वर्षानुवर्षं साचतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर, बाकी सगळं तेच राहिल्यास, प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. हे पॉयझॉय या शास्त्रज्ञाचं नळीतल्या प्रवाहाचं गणित आहे, तिथे त्रिज्येचा चौथा घात येतो. शरीरात मात्र बाजूच्या फांद्या हळूहळू मोठ्या होतात आणि बरीच तूट भरून काढतात. बसलेल्या माणसाच्या पोटरीला रक्त लागतंच किती? तेवढं मिळतं. चालायला लागलं की मागणी कित्येक पट वाढते, पुरवठा वाढू शकत नाही आणि स्नायू ओरडतो. म्हणून तुमचं अंतर ठरलेलं.

दुखण्याच्या जागेवरून अडथळा कुठे आहे याचा अंदाज येतो, कारण दुखतं ते अडथळ्याच्या खाली. पोटरी दुखली तर मांडीतली रोहिणी. मांडी आणि नितंब दुखले तर ओटीपोटातली. पुरुषांत त्याच्या जोडीला लैंगिक ताठरता जात असेल आणि जांघेतली नाडीही लागत नसेल, तर त्या तिन्ही गोष्टी मिळून लेरिश सिंड्रोम होतो. ही तक्रार लोक लाजून वेगळ्या डॉक्टरकडे नेतात आणि मग दोन्हीकडे अर्धंच निदान होतं.

आता तो भागाकार. रुग्णाला पाच-दहा मिनिटं आडवं ठेवायचं. दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांच्या वर पट्टा बांधायचा आणि डॉप्लरच्या पेनने वरचा दाब ऐकायचा. घोट्याशी दोन जागा असतात, पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्याच्या मागे. त्यातला मोठा आकडा घ्यायचा आणि दोन्ही दंडांतल्या मोठ्या आकड्याने भागायचा. १.०० ते १.४० ठीक. ०.९१ ते ०.९९ काठावर. ०.९० किंवा खाली म्हणजे आजार आहे. ०.४० च्या खाली गेला तर गंभीर. काहींचा आकडा बसून ठीक येतो पण तक्रार खरी असते. त्यांना चालवून लगेच पुन्हा मोजायचं. आकडा २० टक्क्यांहून जास्त पडला तर निदान पक्कं. घरचं आपोआप फुगणारं यंत्र घोट्याला बांधून हा उद्योग करू नका, दाब कमी असला की ती यंत्रं चुकतात.

चालण्याबद्दल आणि नळी उघडण्याबद्दल रात्री लिहितो.

मृद्गंध

टाका_दोरा, एक विचारू? आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. तिला चालताना काहीच दुखत नाही. महिन्यापूर्वी अंगठ्याच्या टोकाला फोड आला, तो अजून भरत नाही. आता कडेने काळसर दिसतोय. घोट्याचा तो आकडा १.५ आला, म्हणून 'रक्तपुरवठा उत्तम' असं सांगून ड्रेसिंग चालू ठेवलंय. १.५ म्हणजे चांगलंच ना?

टाका_दोरा

नाही. याचं उत्तर रात्रीपर्यंत थांबवत नाही.

१.४० च्या वरचा आकडा चांगला नसतो, तो खोटा असतो. जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात रोहिणीच्या भिंतीत चुना भरतो. ती पाइपसारखी कडक होते आणि पट्टा फुगवून दाबली जात नाही. यंत्र भिंतीचा कडकपणा मोजतं, रक्ताचा दाब नव्हे. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजायचा, कारण बोटांतल्या बारीक वाहिन्या सहसा कडक होत नाहीत. अंगठा भागिले दंड, ०.७० च्या खाली असेल तर पुरवठा कमी. त्याबरोबर डॉप्लर सोनोग्राफी.

आणि दुखत नाही ते पाय बरा आहे म्हणून नव्हे. मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेत, त्यामुळे धोक्याची घंटाच वाजत नाही. न भरणारी जखम आणि कडेला काळसरपणा, म्हणजे पाय वाचवण्याची वेळ आहे. काही दिवसांत रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा, पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका. लाली वर चढली, ताप आला किंवा दुर्गंधी सुटली तर त्याच दिवशी. तोवर जखमेवर गरम शेक नाही, कुरूपाची औषधं नाहीत, अनवाणी चालणं नाही. आणि आईंना 'चाला, बरं वाटेल' हा सल्ला लागू नाही. तो पायवाट यांच्यासाठी आहे.

मृद्गंध

उद्याच नेते. हात थरथरतायत वाचताना. पण आभार.

खोडसाळ_पोपट

आमच्या ओळखीत एकजण 'नसा धुऊन काढणारं' सलाईन घेतात. तीस बाटल्यांचा कोर्स. म्हणे आतला चुना विरघळतो, ऑपरेशनची गरजच नाही. खरं का?

टाका_दोरा

त्याला चिलेशन म्हणतात. पायाच्या रोहिण्यांच्या आजारात त्याचा फायदा दिसलेला नाही. बाटल्या मात्र विरघळतात, पैशांसकट.

रात्रपाळी

मी नर्स आहे, तातडीच्या विभागात. वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

वर चाललंय ते हळूहळू होणारं. एक प्रकार अचानक होतो. हृदयातून गुठळी सुटते (नाडी अनियमित असणाऱ्यांत विशेष) किंवा आधीच अरुंद असलेल्या जागी रक्त गोठतं, आणि हात किंवा पाय एकाएकी प्रचंड दुखायला लागतो. पांढराफटक पडतो, गार लागतो, नाडी जाते, मुंग्या येतात, मग बोटं हलेनाशी होतात. बोटं हलत नसतील तर वेळ जवळजवळ संपत आलेली असते. स्नायूंना साधारण सहा तास धरतात, आणि ते तास घरापासून मोजायचे, दवाखान्याच्या दारापासून नव्हे.

लोक काय करतात? पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवतात. बधिर कातडी भाजते आणि रक्त नसल्याने ते भाजलेलं भरत नाही. मालीश करतात. 'सकाळी बघू' म्हणतात. कृपा करून सकाळची वाट बघू नका. आणि जिथे रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे तिथेच थेट जा, वाटेतल्या दोन ठिकाणी थांबून चिठ्ठ्या गोळा करण्यात तास जातात.

एक मधली पायरीही आहे. रात्री आडवं पडलं की पावलाची बोटं ठणकतात आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. कित्येक आजोबा खुर्चीत बसून झोपतात आणि घरच्यांना वाटतं त्यांची झोप गेलीय. ते दुखणं झोपेचं नसतं. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर तो पाय धोक्यात आहे.

फुलपाखरू_२७

शीर्षकात 'हातापायांच्या' आहे आणि हाताबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून माझा अनुभव.

माझं वय २७, धूम्रपान कधीच नाही. वेणी घालताना डावा हात दुखून खाली यायचा. वर्षभर अशक्तपणा, बारीक ताप, वजन कमी. डाव्या हातावर बीपीच लागेना, तेव्हा सिस्टर म्हणाल्या यंत्र बिघडलंय, आणि उजव्या हातावर घेऊन कागद पुढे सरकवला. तीनदा असं झालं! चौथ्या वेळी एका शिकाऊ डॉक्टरने दोन्ही मनगटं एकदम धरली आणि थबकला. ताकायासू आजार निघाला. रोहिण्यांच्या भिंतीलाच सूज येते. आता स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं चालू आहेत. फुगा घालून हाताची रोहिणी उघडायचं विचारलं होतं, पण दाह पेटलेला असताना घातलेला फुगा टिकत नाही, आधी आग विझू दे असं सांगितलं.

टाका_दोरा

फुलपाखरू, उत्तम लिहिलंत. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ होते. १९०८ मध्ये त्यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्यांचं विचित्र जाळं मांडलं. मनगटाच्या नाडीशी त्याचा संबंध आहे हे इतरांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर यांनी दुसऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. तोही तरुणांचाच, पण तंबाखूचा. हातापायांच्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि बोटं झडतात. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. कमी करून चालत नाही, ओढायचा सोडून चघळायचा धरूनही चालत नाही.

वयस्कांत हाताची रोहिणी अरुंद होते ती बहुधा गळ्याच्या मुळाशी, डावीकडे जास्त. दोन दंडांच्या वरच्या दाबात १५ ते २० चा फरक कायम राहत असेल तर शंका घ्यावी. काहींना तो हात वापरताना चक्कर येते, कारण हात मेंदूकडे जाणारं रक्त मागच्या दाराने ओढून घेतो. आणि व्यवहारातली खरी गोची अशी की नेहमी अरुंद बाजूच्याच हातावर बीपी घेतलं तर ते कमी दिसतं, माणूस वर्षानुवर्षं 'नॉर्मल' राहतो आणि आत रक्तदाब मोकाट असतो. म्हणून पहिल्या भेटीत दोन्ही हात.

आता पायवाट यांचा प्रश्न, नळी उघडत का नाहीत.

उघडता येते. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली रोहिणी कातडीतून नळ्या सरकवून रुंद केली. पाय कापायचा सल्ला त्यांनी नाकारला होता. त्या पुढे दोनेक वर्षं स्वतःच्या पायांवर चालल्या. आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांचा, रोहिणी आतून रुंद करणारा फुगा पायात आला तो १९७४ मध्ये, हृदयात त्यानंतर तीन वर्षांनी. बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून जोडलेली नवी वाट, त्याहून जुनी, जाँ कुन्लँ यांनी १९४८ मध्ये पायातलीच शीर वापरून केली. म्हणजे तंत्र नवं नाही.

अडचण टिकण्याची आहे. मांडीतली रोहिणी दर पावलाला वाकते, पिळते, ताणली जाते. तिथे लांब अडथळ्यात घातलेली स्टेंट (नळी उघडी धरणारी धातूची जाळी) पुन्हा भरण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि दुसऱ्यांदा बंद पडताना बाजूच्या फांद्याही घेऊन जाऊ शकते. मग आधी दीडशे पावलं चालणारा माणूस पन्नासवर येतो. उलट नुसत्या क्लॉडिकेशनमध्ये पाय गमावण्याची भीती फार थोड्यांना असते, तंबाखू सुटला असेल आणि मधुमेह नसेल तर आणखी कमी. म्हणून जखम नाही, रात्रीचं दुखणं नाही अशा माणसात आधी औषध आणि चाल, आणि तरीही रोजचं आयुष्य अडत असेल तर फुगा किंवा बायपास. पाय धोक्यात असेल तेव्हा मात्र उशीर करायचा नाही. त्यात फुगा की बायपास यावर अजून भांडण आहे. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत चांगली शीर उपलब्ध असणाऱ्यांत बायपास सरस ठरली. पुढच्याच वर्षी बेसिल-२ मध्ये, गुडघ्याखालच्या आजारात, फुग्याचं पारडं जड निघालं. सर्जनच्या हाताला काय येतं हेही त्यात असतं, हे मी आता निवृत्त असल्याने बोलू शकतो.

अर्धविराम

मग गोळ्या कशाला? त्यांनी नळी तर उघडत नाही ना?

टाका_दोरा

गोळ्या पायासाठी कमी आणि माणसासाठी जास्त असतात. ज्याच्या पायात हा थर आहे त्याच्या हृदयात आणि मानेतही तो असण्याची शक्यता दाट. असे रुग्ण पायाने क्वचित जातात, हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जातात. म्हणून कोलेस्टेरॉल मुळात 'नॉर्मल' असलं तरी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) द्यायचं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, जमल्यास ५५ च्याही खाली आणायचं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यापैकी एक. काहींना ॲस्पिरिनसोबत रिव्हारोक्साबान (रक्त गोठणं कमी करणारं दुसरं औषध) २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. त्याने पायाचे आणि हृदयाचे दोन्ही झटके कमी होतात, पण रक्तस्राव वाढतो, त्यामुळे निवडून. रक्तदाब, साखर ताब्यात.

चालण्याचं अंतर थोडं वाढवणारी गोळी म्हणजे सिलोस्टॅझॉल. डोकं दुखतं, जुलाब होतात, धडधडतं. आणि हृदय अशक्त असेल, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल, तर ती अजिबात चालत नाही. शेजाऱ्याची गोळी उचलून घेऊ नका, हे याच गोळीसाठी सांगतोय.

आणि चाल. आठवड्यातून निदान तीन वेळा, ३० ते ४५ मिनिटं, किमान १२ आठवडे. असा वेग धरा की तीन ते पाच मिनिटांत पोटरी बऱ्यापैकी दुखायला लागेल. असह्य होण्याआधी थांबा, पूर्ण ओसरू द्या, पुन्हा निघा. दुखणं टाळत रमतगमत चालल्याचा उपयोग नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेच तपासलं होतं. दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं अंतर वाढलं, आरामात चालणाऱ्यांचं काहीच न करणाऱ्यांपेक्षा वेगळं निघालं नाही. त्या दुखण्याने नस खराब होत नाही. स्नायू मिळेल त्या रक्तात काम भागवायला शिकतो. मात्र छातीत दुखणं, दम लागणं असेल तर आधी हृदय तपासा. पाय सुधारला की माणूस जोरात चालतो आणि मग हृदय बोलायला लागतं, असं मी पाहिलंय.

मृद्गंध

कळवते. आईच्या अंगठ्याचा दाब फारच कमी निघाला. गुडघ्याखालच्या तीनपैकी दोन रोहिण्या बंद होत्या. मूत्रपिंडं नाजूक असल्याने वाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते रंगद्रव्य अगदी थोडं वापरून फुगा केला. बोटाचं टोक गेलं, पाऊल राहिलं. जखम आता लाल दिसतेय, आणि सर्जन म्हणाले लाल म्हणजे चांगलं. आम्ही आता रोज रात्री आरसा धरून तिचे तळवे बघतो. तिला गुदगुल्या होत नाहीत, ते मात्र तसंच.

टाका_दोरा

बोटाचं टोक हा फार स्वस्तात सुटलेला सौदा आहे. दुसरं पाऊलही बघत जा.

पायवाट

तेरा आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.

पहिले तीन आठवडे नुसता छळ. दीडशे पावलं, थांबा, दीडशे पावलं, थांबा. एक काका रोज विचारायचे, "काही हरवलंय का?" चौथ्या आठवड्यात दोनशे झाली. आठव्यात दुखणं सुरू व्हायच्या आधी मी चक्क फोनवर बोलत राहिलो आणि विसरलो. परवा मोजलं, सहाशे वीस.

गंमत म्हणजे काल पुन्हा तपासणी झाली आणि उजव्या घोट्याचा आकडा ०.६३ आला. मी हिरमुसलो. पावलं चौपट आणि आकडा जागचा हलला नाही, म्हणजे यंत्र चुकलं का?

टाका_दोरा

यंत्र बरोबर आहे. बंद रोहिणी बंदच आहे, तिने कुठे वचन दिलं होतं? वाढलंय ते स्नायूचं काम. चालणं बंद केलंत तर सहाशे वीसही परत जातील, आकडा तेव्हाही साधारण हाच असेल. एलडीएल किती आलं ते लिहिलं नाहीत.

पायवाट

९४.

टाका_दोरा

मग गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलायला हवं. या आठवड्यात.